विश्लेषण : हिंदी चित्रपट ‘चालला’ म्हणजे प्रेक्षकाला आवडला का?

शुक्रवारी सकाळचा पहिला खेळ सुटायच्या आत मोबाइलवर चित्रपटाला तारे मिळालेले असतात. रात्री उशिरा कोटींचा पहिला आकडा येतो आणि शनिवारी सकाळच्या चहापर्यंत चित्रपट ‘हिट’ की ‘फ्लॉप’ याचा निकालही लागतो. या धांदलीत अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरच्या मॉलमध्ये पैसे मोजून बसलेल्या माणसाला चित्रपट कसा वाटला, याची नोंद कुठे होते? ‘छावा’, ‘सैयारा’पासून ‘तुंबाड’च्या पुनःप्रदर्शनापर्यंतची अलीकडची उदाहरणे पाहिली, तर प्रेक्षकाचे मत आणि गल्ल्याचा आकडा यांची गाठ दरवेळी पडतेच असे नाही.

कोटींचे आकडे येतात कुठून?

चित्रपटांच्या कमाईचा अधिकृत, सरकारी आकडा भारतात प्रसिद्ध होत नाही. निर्माते आपले आकडे सांगतात, व्यापार विश्लेषक आपले सांगतात आणि काही संकेतस्थळे दर तासाला अंदाज देत राहतात. त्यात ‘ग्रॉस’ आणि ‘नेट’ असा घोळ असतो. ग्रॉस म्हणजे तिकिटाची करासह रक्कम, नेट म्हणजे जीएसटी वजा जाता उरलेली. पोस्टरवर बहुधा ग्रॉस छापला जातो, तोही जगभरातला, कारण तो मोठा दिसतो.

मुंबईच्या आकड्याबाबतही एक गंमत आहे. चित्रपट व्यवसायाच्या भाषेत ‘मुंबई सर्किट’ म्हणजे केवळ मुंबई नव्हे. त्यात ठाणे, कोकण, पश्चिम महाराष्ट्राबरोबर गुजरात, गोवा आणि कर्नाटकाचा काही भागही येतो. याउलट नागपूर-अमरावती मात्र जुन्या ‘सीपी बेरार’ विभागात मोजली जातात. ब्रिटिशकालीन नकाशा राज्य पुनर्रचनेनंतरही वितरकांच्या वहीत तसाच राहिला. त्यामुळे ‘मुंबईने चित्रपट उचलून धरला’ असे वाचले, तर त्यात सुरत आणि बेळगावचाही हात असू शकतो.

रुपयांऐवजी डोकी मोजणाऱ्या संस्थाही आहेत. ‘ऑरमॅक्स मीडिया’च्या अहवालानुसार देशभरात २०२३ मध्ये सर्व भाषा मिळून ९४.३ कोटी तिकिटे विकली गेली होती, २०२४ मध्ये ती ८८.३ कोटींवर आली. रुपयांतील घट त्यामानाने कमी होती. याचा सरळ अर्थ, येणारे कमी झाले आणि आले त्यांनी जास्त मोजले. विक्रमी कमाईच्या बातम्यांत ही बाजू क्वचितच येते.

पहिल्या तीन दिवसांचा एवढा आग्रह का?

याचे उत्तर हिशेबात आहे. मल्टिप्लेक्स आणि वितरक यांच्यातील प्रचलित व्यवस्थेनुसार पहिल्या आठवड्यात तिकिटाच्या नेट रकमेचा साधारण निम्मा वाटा वितरकाकडे जातो आणि पुढच्या प्रत्येक आठवड्यात तो घटत जातो. त्यामुळे निर्मात्याला पहिला शनिवार-रविवारच भरभरून हवा असतो. तेव्हा आलेल्या प्रेक्षकाने चित्रपट पाहिलेला नसतो, त्याने फक्त ट्रेलर, नट आणि गाणी पाहिलेली असतात. म्हणजे ‘ओपनिंग’ हे चित्रपटाविषयीचे मत नसून जाहिरातीविषयीचे मत असते.

मग ते मत फुगवण्याचे उपाय निघतात. ‘एकावर एक तिकीट मोफत’ ही साड्यांच्या सेलमधली युक्ती २०२३ च्या जूनमध्ये ‘जरा हटके जरा बचके’साठी वापरली गेली. पुढे ती नित्याची झाली. घाऊक तिकीट खरेदीचे, म्हणजे ‘कॉर्पोरेट बुकिंग’चे आरोप तर गेली दोन-तीन वर्षे चित्रपटसृष्टीतूनच होत आहेत. ॲपवर लाल दिसणाऱ्या, म्हणजे भरलेल्या रांगा आणि प्रत्यक्ष रिकाम्या खुर्च्या यांची छायाचित्रे प्रेक्षकच समाजमाध्यमांवर टाकू लागले, तेव्हा या आकड्यांवरचा विश्वास आणखी उडाला.

मग खरे मत केव्हा कळते?

सोमवारी. शनिवार-रविवारच्या गर्दीनंतर सोमवारी किती प्रेक्षक आले, यावर चित्रपटाचे पुढचे आयुष्य ठरते, कारण सोमवारचा प्रेक्षक कुणाच्या तरी सांगण्यावरून आलेला असतो. कार्यालयातल्या जेवणाच्या डब्याभोवती, लोकलच्या डब्यात आणि आता सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात जे बोलले जाते त्याचा परिणाम या दिवशी दिसतो.

विधु विनोद चोप्रा यांचा ‘ट्वेल्थ फेल’ २७ ऑक्टोबर २०२३ रोजी आला तेव्हा पहिल्या दिवसाची कमाई जेमतेम कोटीभर होती. मोठा नट नाही, कथा स्पर्धा परीक्षेची. पण हा चित्रपट आठवडेच्या आठवडे टिकला आणि देशात ५० कोटींचा टप्पा ओलांडून गेला. आदित्य सरपोतदार यांचा कोकणातला ‘मुंज्या’ जून २०२४ मध्ये असाच तोंडी शिफारशीवर शंभर कोटींपर्यंत पोहोचला. मुंजा म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. इतरांना ते चित्रपटाने सांगितले आणि त्यांना ते आवडले.

उपनगरांतील ताजे उदाहरण तर हिंदीही नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रदर्शित झालेला ‘लालो – कृष्ण सदा सहायते’ हा गुजराती चित्रपट पहिले दोन आठवडे कासवगतीने चालत होता. नंतर मात्र त्याची गर्दी वाढतच गेली आणि शंभर कोटींवर जाणारा तो पहिला गुजराती चित्रपट ठरला. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या गुजराती वस्तीत अशा चित्रपटाला हक्काचा प्रेक्षक आहे. पण पहिल्या सोमवारीच त्याचे खेळ काढले असते, तर तो प्रेक्षक पोहोचेपर्यंत पडदाच उरला नसता.

बहुतेक छोट्या हिंदी चित्रपटांचे नेमके हेच होते. किरण राव यांचा ‘लापता लेडीज’ १ मार्च २०२४ रोजी चित्रपटगृहांत आला तेव्हा त्याला बेताचाच प्रतिसाद मिळाला. नेटफ्लिक्सवर आल्यावर तो घराघरांत चर्चेचा विषय झाला आणि त्याच वर्षी ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका ठरला. मालेगावच्या हौशी चित्रपटकारांवरचा रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस आला आणि ‘छावा’च्या लाटेत तो अनेकांना दिसलाच नाही. वास्तविक सिनेमावेड्या माणसांविषयी इतका मायेने केलेला हिंदी चित्रपट अलीकडे दुसरा नाही.

‘छावा’बाबत वेगळे काय घडले?

लक्ष्मण उतेकर दिग्दर्शित, विकी कौशलची भूमिका असलेला ‘छावा’ १४ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला. येथे प्रेक्षकाचे मत प्रदर्शनाआधीच व्यक्त झाले होते. जानेवारीत आलेल्या ट्रेलरमध्ये छत्रपती संभाजी महाराज आणि येसूबाई लेझीम खेळताना दिसले. लेझीम मराठी शाळकरी मुलांनाही ठाऊक, पण राजा-राणीने असे नाचावे का, यावर आक्षेप आले. उतेकर यांनी राज ठाकरे यांची भेट घेतली आणि दृश्य वगळत असल्याचे जाहीर केले. प्रदर्शनानंतर गणोजी आणि कान्होजी शिर्के यांच्या चित्रणावरून शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला, तेव्हाही त्यांनी दिलगिरी व्यक्त केली.

चित्रपटगृहांत मात्र वेगळेच चित्र होते. घोषणा, ओलावलेले डोळे, चित्रपट संपल्यावर उभे राहून गारद म्हणणारी मुले. शिवाजी सावंत यांची ‘छावा’ कादंबरी ज्या घरांत कपाटात आहे, त्या घरांतली तिसरी पिढी ही कथा हिंदीतून पाहत होती. देशभरातील नेट कमाई ६०० कोटींच्या आसपास गेली. त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा होता.

तरीही बाहेर पडणाऱ्या साऱ्यांचे मत एकच नव्हते. शेवटची लढाई आणि छळाचे प्रसंग पाहून सुन्न झालेले प्रेक्षकच ए. आर. रहमान यांचे पार्श्वसंगीत काळाशी विसंगत वाटल्याचे, येसूबाईंच्या भूमिकेतील रश्मिका मंदानाचे हिंदी उच्चार खटकल्याचे, पूर्वार्ध घाईचा झाल्याचे सांगत होते. मुलांना हा चित्रपट दाखवावा की नाही, हा प्रश्न तर अनेक आयांना पडला होता. असे अर्धे-मुर्धे, विचार करून दिलेले मत कोटींच्या आकड्यात मावत नाही आणि समाजमाध्यमांवरही फारसे टिकत नाही. तिथे एकतर ‘अंगावर काटा’ किंवा ‘पैसे वाया’ एवढेच चालते.

तिकिटाचा दर मताच्या आड येतो का?

सप्टेंबर २०२४ मध्ये निर्माते करण जोहर यांनी चौघांच्या कुटुंबाला चित्रपट पाहायला दहा हजार रुपये लागू शकतात, असे विधान केले. मल्टिप्लेक्स असोसिएशनने तातडीने खुलासा केला. पीव्हीआर आयनॉक्सचे सरासरी तिकीट २५८ रुपये आणि खाण्यापिण्यावरचा माणशी सरासरी खर्च १३२ रुपये, म्हणजे चौघांचे १,५६० रुपये, असा तो हिशेब होता.

हिशेब बरोबर आहे. पण तो देशभरातील सर्व शहरे, सर्व वार आणि सर्व वेळांची सरासरी आहे. आणि खाण्याच्या सरासरीत काहीच न घेणारेही मोजलेले आहेत. शनिवारी संध्याकाळी मुंबई उपनगरातील मॉलमध्ये जाणाऱ्या कुटुंबाला ही सरासरी कुठे भेटत नाही. तिथे सकाळच्या खेळाचा आणि संध्याकाळच्या खेळाचा दर एकाच पडद्यावर दुपटीने वेगळा असू शकतो. रिक्षा किंवा पार्किंग वेगळे. ऑनलाइन तिकिटावरचा ‘सुविधा शुल्का’चा भार वेगळा. हे शुल्क घेण्यास महाराष्ट्र सरकारने २०१३ आणि २०१४ च्या आदेशांनी मनाई केली होती. मुंबई उच्च न्यायालयाने ते आदेश जुलै २०२५ मध्ये रद्द केले.

बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेण्याचा वादही मराठी वाचकाला नवा नाही. २०१८ मध्ये पुण्यात मनसेने यावरून आंदोलन केले, नागपूर अधिवेशनात सरकारने परवानगीची घोषणाही केली, पण प्रत्यक्षात काही बदलले नाही. पुढे जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाहेरचे पदार्थ रोखण्याचा अधिकार चित्रपटगृहाला असल्याचा निर्वाळा दिला. पिण्याचे पाणी मात्र मोफत द्यावेच लागेल, असेही सांगितले. ही दुसरी बाब फार कमी प्रेक्षकांना माहीत असते.

एवढा खर्च केल्यावर माणूस चित्रपटाकडे कोणत्या नजरेने पाहतो? दीडशे रुपयांत ‘बरा’ वाटलेला चित्रपट पंधराशे रुपयांत ‘फसवणूक’ वाटतो. याचा फटका मधल्या दर्जाच्या चित्रपटांना बसतो. जे नेत्रदीपक आहे त्यासाठी माणूस पैसे काढतो, साध्या घरगुती गोष्टीसाठी ‘मोबाइलवर येईल तेव्हा बघू’ म्हणतो.

दर कमी केले तर गर्दी होते?

होते, आणि हे मल्टिप्लेक्सवाल्यांनीच सिद्ध केले आहे. २३ सप्टेंबर २०२२ रोजी पहिल्या ‘राष्ट्रीय सिनेमा दिना’ला तिकीट ७५ रुपये ठेवले होते. त्या एका दिवसात देशभरात ६० लाखांहून अधिक प्रेक्षक आल्याचे असोसिएशनने सांगितले. पुढच्या दोन वर्षी ९९ रुपयांत तोच प्रयोग झाला. एप्रिल २०२५ पासून पीव्हीआर आयनॉक्सने मंगळवारी ९९ ते १४९ रुपयांची तिकिटे सुरू केली. अर्थात, नोकरदाराला मंगळवारी दुपारी वेळ कुठला, हा प्रश्न उरतोच.

करानेही यात भूमिका बजावली आहे. महाराष्ट्रात हिंदी चित्रपटांवर पूर्वी ४५ टक्के करमणूक कर होता, मराठी चित्रपटांना तो माफ होता. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर हा कर गेला. म्हणूनच ‘छावा’ करमुक्त करण्याची मागणी झाली तेव्हा राज्यात करमणूक करच नसल्याचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना सांगावे लागले. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्यावरील तिकिटांवर १८ टक्के कायम राहिला. उपनगरी मल्टिप्लेक्समध्ये शंभराच्या आतले तिकीट शोधावे लागते. त्यामुळे या सवलतीचा लाभ येथे फारसा जाणवला नाही. कर्नाटक सरकारने त्याच महिन्यात तिकिटाला २०० रुपयांची कमाल मर्यादा घातली होती, पण तेथील उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. महाराष्ट्रात अशी मर्यादा नाही.

एकपडदा चित्रपटगृहे गेल्याने काय बदलले?

जुहूचे ‘चंदन’ पाडले गेले. घाटकोपरच्या ‘ओडियन’च्या जागी मॉल उभा राहिला आणि त्यातच मल्टिप्लेक्स आले. एकपडदा चित्रपटगृहात प्रेक्षकाचे मत ऐकू यायचे. शिट्टी, टाळी, नाहीतर ‘रीळ बदल रे’ची हाकाटी. वांद्र्याच्या ‘गेइटी-गॅलेक्सी’ संकुलात ते अजूनही ऐकू येते, म्हणून तर पहिल्या दिवशी यूट्यूबवाले माइक घेऊन तिथेच उभे असतात. (संकुलातील सातही पडद्यांची नावे ‘ग’वरून. गेइटी, गॅलेक्सी, जेमिनी इंग्रजीत ‘जी’वरून, असे म्हणणे अधिक बरोबर.) येथील तिकीट मॉलपेक्षा बरेच स्वस्त असल्याने रिक्षाचालकापासून महाविद्यालयीन मुलांपर्यंत सारे एका छताखाली येतात.

२०२२ मध्ये ‘लायगर’च्या वेळी अभिनेता विजय देवरकोंडाच्या ‘ज्यांना पाहायचा नाही त्यांनी पाहू नये’ अशा आशयाच्या वक्तव्यावर या संकुलाचे कार्यकारी संचालक मनोज देसाई यांनी जाहीरपणे तोफ डागली होती. नंतर देवरकोंडा स्वतः मुंबईत येऊन त्यांना भेटला. प्रेक्षकाच्या बाजूने असे रोखठोक बोलणारा चित्रपटगृहचालक मॉलच्या व्यवस्थेत संभवत नाही. तिथला व्यवस्थापक नोकरीवर असतो.

दाक्षिणात्य चित्रपटांना हिंदी प्रेक्षक का मिळाला?

५ डिसेंबर २०२४ रोजी आलेल्या ‘पुष्पा २’च्या हिंदी आवृत्तीने ८०० कोटींहून अधिक नेट कमाई करून तोवरच्या सर्व मूळ हिंदी चित्रपटांना मागे टाकले. पडद्यावर अल्लू अर्जुन असला तरी हिंदीत ऐकू येणारा आवाज मराठमोळ्या श्रेयस तळपदेचा होता. ऑरमॅक्सच्या मते २०२४ मधील हिंदी चित्रपटांच्या एकूण कमाईत सुमारे ३१ टक्के वाटा डब केलेल्या दाक्षिणात्य चित्रपटांचा होता. एकपडदा प्रेक्षकाला जो नायक हवा होता, तो हिंदीने मॉलसाठी चित्रपट काढताना सोडून दिला आणि तेलुगूने धरून ठेवला, असे म्हणता येईल. सलमान खानचा ‘सिकंदर’ २०२५ च्या ईदला याच प्रेक्षकासाठी आला होता. पण केवळ नाव पुरले नाही, पहिल्या काही दिवसांतच गर्दी ओसरली.

‘सैयारा’च्या यशाने मराठी चित्रपटाचे काय झाले?

१८ जुलै २०२५ रोजी मोहित सुरी यांचा ‘सैयारा’ आला. अहान पांडे आणि अनीत पड्डा हे नवे चेहरे, तरी पहिल्याच दिवशी २० कोटींहून अधिक कमाई. चित्रपटगृहात रडणाऱ्या मुलामुलींच्या चित्रफिती सर्वत्र फिरल्या. वडीलधाऱ्यांनी त्यांची टर उडवली. पण या वयाच्या प्रेक्षकासाठी हिंदीत कित्येक दिवसांत कुणी साधी प्रेमकथा काढली नव्हती, हे त्यांच्या लक्षात आले नाही.

त्याच शुक्रवारी ‘येरे येरे पैसा ३’ हा मराठी चित्रपटही प्रदर्शित झाला होता. ‘सैयारा’ची मागणी वाढताच त्याचे खेळ कमी करण्यात आल्याची तक्रार झाली, मनसेने मल्टिप्लेक्सना इशारा दिला आणि मराठी चित्रपटांना पडदे मिळण्याचा जुना वाद पुन्हा पेटला. यात मल्टिप्लेक्सचा युक्तिवाद मागणी-पुरवठ्याचा असतो. मात्र सकाळी साडेनऊ किंवा दुपारी तीनचा खेळ देऊन ‘मराठी प्रेक्षक येत नाही’ म्हणणे, हा मागणी मोजण्याचा मार्ग नव्हे. चर्चगेट किंवा सीएसएमटीहून सुटणारा बोरिवली-मुलुंडचा माणूस आठच्या आत घरी पोहोचत नाही.

उशिरा दिलेले मत ग्राह्य धरले जाते का?

आता धरले जाऊ लागले आहे. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ ऑक्टोबर २०१८ मध्ये आला, समीक्षकांनी वाखाणला आणि लवकर उतरला. सहा वर्षे तो घरोघरी मोबाइलवर पाहिला गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाल्यावर त्याने पहिल्या वेळेच्या दुपटीहून अधिक कमाई केली. २०१६ चा ‘सनम तेरी कसम’ फेब्रुवारी २०२५ मध्ये असाच परत आला आणि मूळ कमाई मागे टाकून गेला. विशेष म्हणजे, ही तिकिटे काढणाऱ्यांपैकी अनेकांनी चित्रपट आधी पाहिलेला होता. आवडल्याची याहून पक्की पावती कोणती?

घरी बसून वाट पाहणाऱ्या प्रेक्षकाचे काय?

हिंदी चित्रपट चित्रपटगृहातून ओटीटीवर येण्यास आठ आठवड्यांचे अंतर असावे, असा मल्टिप्लेक्सचा आग्रह असतो. मे २०२५ मध्ये ‘भूल चूक माफ’च्या निर्मात्यांनी सीमेवरील तणावाचे कारण देत प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी चित्रपट थेट ओटीटीवर आणण्याचे ठरवले. पीव्हीआर आयनॉक्सने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली, न्यायालयाने ओटीटी प्रदर्शन रोखले आणि चित्रपट अखेर २३ मे रोजी पडद्यावर आला. तडजोडीत अंतर मात्र दोनच आठवड्यांचे ठरले.

आमिर खानने तिसरा मार्ग काढला. २० जून २०२५ रोजी आलेला ‘सितारे जमीन पर’ कोणत्याही ओटीटी मंचाला न देता त्याने १ ऑगस्टपासून यूट्यूबवर १०० रुपयांत उपलब्ध केला. घरातल्या चौघांनी मिळून पाहिला, तर माणशी २५ रुपये पडतात. आणि आजी-आजोबांना सरकत्या जिन्यावरून तिसऱ्या मजल्यावर न्यावे लागत नाही.